आडवारी

भिगवणला जायचं तर आडवारी जावं. शनिवारी-रविवारी कुंभारगावच्या काठावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते, नाव मिळायला ताटकळावं लागतं, आणि ज्या पाखरांसाठी अंधारात उठून आलो ती गलबल्याला कंटाळून पलीकडे सरकलेली असतात. बुधवारी तसं नसतं. पाण्यावर मासेमार असतात, पाखरं असतात आणि ज्यांना कुठल्याच हजेरीपटावर सही करायची नाही असे एक-दोन रिकामटेकडे.

मी सध्या रिकामटेकडी आहे. विमा कंपनीतली नोकरी सोडली ती भांडून नव्हे, आजारी पडून नव्हे, दुसरी मिळाली म्हणूनही नव्हे. घराचे हप्ते फिटले होते, नवऱ्याचा पगार चालू होता, मुलगी शिकायला बाहेरगावी गेली होती, बँकेत थोडी शिल्लक होती. एवढं सगळं जुळून आलं तेव्हा कुठे मला ‘ब्रेक’ घेता आला. हे आधीच सांगून टाकते, कारण ब्रेकविषयी बोलणारे लोक पैशांबद्दल मौन पाळतात आणि सगळं श्रेय स्वतःच्या धाडसाला देतात. यात धाडस फारसं नसतं. हप्ते फिटलेले असतात.

नोकरी होती तेव्हा मला जग फक्त सुट्टीतलं दिसायचं. रविवारची टेकडी, रविवारची बाग, रविवारचं धरण, आणि सगळीकडे माझ्यासारखेच सुटून आलेले लोक. आता आडवारी हिंडताना दिसतं की सगळं जग कामावर आहे आणि रजेवर आपण एकटे. बागेत माळी वाफे खुरपत असतो, टेकडीच्या पायवाटेवर बायका सरपणाची मोळी घेऊन उतरत असतात. आमच्या सोसायटीतल्या शेवग्याच्या वाळक्या फांदीत तांबट पक्ष्यांची जोडी घरट्यासाठी ढोली कोरत होती. नर-मादी दोघंही हे काम करतात. एक दमला की दुसरा येतो, चोचीने भुसा बाहेर टाकतो, परत आत डोकं घालतो. या फांदीखालूनच मी रोज ऑफिसची बस गाठायला पळत असे. कॅमेरा घेऊन तिथे उभी राहिले आणि वाटलं, निसर्गातला निवांतपणा म्हणतात तो आपण घरून बरोबर नेलेला असतो. तिथे कुणीही निवांत नसतं.

भिगवणला तर हे फारच ठळक दिसतं. हे पाणी उजनी धरणाचं. भीमेवरचं हे धरण १९८०च्या सुमारास पुरं झालं आणि काठची गावं, काळी कसदार रानं पाण्याखाली गेली. एखाद्या कडक उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि वर्तमानपत्रांत त्याचे फोटो छापून येतात. ज्यांची शेतं बुडाली त्यांच्यातल्या कित्येकांनी जाळी हातात घेतली. पुढे पक्षी बघणारे यायला लागले तेव्हा त्यांच्याच पोरांतले काहीजण पाहुण्यांना नावेतून फिरवू लागले. आमचा नावाडी त्यांतलाच एक. रोहित, चित्रबलाक, मोरशराटी, चक्रवाक, नदी सुरय ही नावं त्याला मराठीतून येतात, इंग्रजीतूनही येतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब कधी पोचतात आणि कोणत्या शेताच्या कडेला उतरतात, हे तो पुस्तक न उघडता सांगतो. त्याच्या वडिलांच्या आयुष्यातही एक करिअर ब्रेक येऊन गेला, असं म्हणायला हरकत नाही. मात्र तो सरकारने दिला होता, आणि त्याची तारीख त्यांना विचारून ठरली नव्हती.

माझ्याबरोबर बहुतेक वेळा एक मित्र असतो. त्याचा लग्नाच्या फोटोंचा व्यवसाय. लग्नसराईत त्याला जेवायला फुरसत नसते, पण ज्या दिवशी मुहूर्त नाही त्या दिवशी तो मोकळा. त्यामुळे पंचांग आमच्या दोघांच्याही उपयोगाचं झालं आहे: लोक मुहूर्त बघतात, आम्ही मुहूर्त नसलेले दिवस बघतो. लांब पल्ल्याची लेन्स भाड्याने आणायची, सूर्य पाठीशी ठेवायचा, नावेत जमेल तेवढं खाली बसून पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर कॅमेरा आणायचा, हे सगळं मला त्याने शिकवलं. एकदा म्हणाला, “नवरा-नवरीला ‘इकडे बघा, जरा हसा’ म्हणता येतं. इथे तसं म्हणता येत नाही, म्हणून तर मी येतो.” आयुष्यभर माणसांना उभं करणाऱ्या माणसाला कुणाला तरी न सांगता बघण्याची केवढी भूक लागली असेल!

रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, हिवाळ्यात धरणाचं पाणी ओसरून उथळ चिखल उघडा पडू लागला की इथे येतात. कच्छच्या रणात त्यांची वीण होते; तिथली त्यांची प्रचंड वसाहत पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींनी १९४५मध्ये पाहिली होती. इथे आलेला थवा दिवसाचा बराचसा वेळ एकच काम करतो: मान खाली घालून चोच पाण्यात उलटी धरायची आणि खायचं. जिभेच्या हालचालीने पाणी आत ओढलं जातं, बाहेर ढकललं जातं, आणि चोचीतल्या बारीक जाळीत शेवाळं आणि सूक्ष्म जीव अडकतात. छायाचित्रकारांना ही मुद्रा आवडत नाही. पक्ष्याचा चेहराच दिसत नाही; दिसतात ते लांब पाय आणि वर एक पांढुरकं गाठोडं. प्रत्येकाला हवा असतो उडतानाचा फोटो, कारण पंख उघडले की आतला लालभडक रंग दिसतो.

एके दिवशी शेजारच्या नावेतून हाक आली, “ओ, जरा आत घ्या की नाव! उडवा ना, उडवा!” त्यांच्या नावाड्याने इंजिन वाढवलं. आमच्या नावाड्याने आमचं इंजिन मघाशीच बंद करून बांबू टेकला होता. माझ्या मित्राने त्याच्याकडे पाहिलं, तर तो म्हणाला, “खाऊ द्या त्यास्नी. उठायचं तवा आपली आपण उठतील.” पलीकडची नाव थव्यात शिरली, पाखरं पाण्यावर धावत धावत वर उठली, तिकडे कॅमेऱ्यांचा कडकडाट झाला. आमच्या बाजूच्या थव्याने थोडा वेळ माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या. ती पाखरं आम्ही असेपर्यंत उडाली नाहीत. मित्राने मान खाली घातलेल्यांचेच फोटो काढले. त्याला ते आवडले, मला ठीक वाटले.

पण घरी येऊन वाचलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रोहित पक्षी जन्मतः गुलाबी नसतो. पिल्लं राखाडी असतात, रंग चढायला काही वर्षं लागतात. शेवाळं आणि त्यावर जगणारे बारीक जीव खाऊन त्यांतलं कॅरोटिनॉइड नावाचं रंगद्रव्य पोटात जातं आणि पिसांत उतरतं. प्राणिसंग्रहालयात खाद्यात हे द्रव्य कमी पडलं की रोहित फिके पडतात, म्हणून ते मुद्दाम घालावं लागतं. म्हणजे ज्या लाल रंगासाठी लोक थवा उडवतात तो रंग त्या मान खाली घालून केलेल्या, फोटोत वाईट दिसणाऱ्या कामातूनच येतो. एवढ्या मोठ्या पक्ष्याला धावत जाऊन उडायला ताकद लागते. ती पुन्हा खाऊनच भरून काढायची. त्याच्या कामाच्या वेळेत आपण रजेचा आनंद लुटणार आणि वर त्यालाच पळवणार, हा उद्धटपणा आहे. याला दुसरा शब्द मला सुचत नाही.

सलीम अलींचा उल्लेख आला म्हणून. ब्रेकच्या गप्पांत त्यांचं उदाहरण हमखास निघतं. ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड-लेक्चरर होते. रजा घेऊन बर्लिनला पक्षिशास्त्र शिकायला गेले. १९३०मध्ये परत आले तर पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली. मग ते आणि पत्नी तेहमिना अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. पावसाळ्यात तिथे सुगरणींची घरटी लागत होती, ती ते बघत बसले. घरटं विणतो तो नर. अर्धं विणून झालं की माद्या येऊन तपासून जातात. एखादीला पसंत पडलं तर तो ते पुरं करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हे महाशय दुसरं घरटं विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी! हा संसार त्यांनी नीट उलगडून १९३१मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यांचं नाव झालं.

गोष्ट सुंदर आहे, पण ती सांगितली जाते तेव्हा मी सावध होते. कारण सांगणाऱ्याच्या बोलण्यात पुढचं वाक्य तयार असतं: बघा, रिकाम्या वेळाचंही सोनं करता येतं, मग तुम्ही काय करताय? मला मात्र त्यात वेगळंच दिसतं. नोकरी गेलेला एक माणूस पावसात एका पक्ष्याचं काम बघतो आहे आणि त्या कामात हात घालत नाही. घरटं कसं विणतात हे त्याला कळलं, कारण त्याने विणणाऱ्याला विणू दिलं.

सलीम अलींचे मित्र लोक वान थो यांचा ब्रेक तर युद्धाने लादलेला. सिंगापूरचे हे चित्रपटगृहांचे मालक. १९४२मध्ये जपानी फौजा आल्या तेव्हा निघाले, वाटेत जहाजावर बाँब पडले, ते भाजले, काही काळ दृष्टीही गेली. पुढे भारतात आले आणि सलीम अलींच्या संगतीने पक्षी बघू लागले. त्या माणसाने पक्ष्यांचे इतके सुरेख फोटो काढले की १९५७मध्ये त्यांचं ‘अ कंपनी ऑफ बर्ड्‌स’ हे पुस्तक निघालं. मैत्री युद्ध संपल्यावरही टिकली. मला हे दोघे नेहमी एका नावेत बसलेले दिसतात, एकाच्या हातात वही, दुसऱ्याच्या हातात कॅमेरा. कल्पनाच आहे ही माझी, पण कुणाच्या तरी शेजारी तासन्‌तास न बोलता बसता येणं हे मैत्रीत नोकरीच्या दिवसांत कुठे जमतं? तेव्हा भेटायचं तर हॉटेलात, दोन तासांत, सगळ्या बातम्या उरकून. नावेत बोलायची सोयच नसते. भूक लागली की काठावर यायचं, कुणाच्या तरी ओसरीवर बाजरीची भाकरी आणि तळलेली चिलापी खायची. तिथे मात्र तोंड थांबत नाही.

आता माझ्या एका मैत्रिणीबद्दल. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. पहिल्या मुलाच्या वेळी तिने बँकेतली नोकरी सोडली. मग दुसरं मूल, मग सासऱ्यांचं आजारपण. अर्जातल्या रकान्यात तिच्याही त्या काळाला ‘गॅप’ म्हणतात आणि माझ्याही. मला लोक कौतुकाने विचारतात, “मग, सध्या काय काय बघितलंस?” तिला कुणी विचारत नाही. तिच्या ब्रेकमध्ये बुधवार आलाच नाही; सगळे वार डब्याचे, औषधांचे आणि शिकवणीच्या वेळांचे. मी पहिल्यांदा भिगवणचे फोटो पाठवले तेव्हा तिने लिहिलं, “छान. कधीतरी.” बायकांच्या ‘कधीतरी’ला तारीख नसते, हे आपल्याला पुरतं माहीत असतं.

ती शेवटी आली, कारण तिची धाकटी बहीण रजा काढून तिच्या घरी जाऊन राहिली. कॅमेरा तिच्याकडे नव्हता. माझी दुर्बीण तिने दिवसभर डोळ्यांवरून काढली नाही, पक्ष्यांची नावं विचारली नाहीत, लिहूनही घेतली नाहीत. परतताना गाडीत झोपली. त्या सहलीचं श्रेय ना माझं, ना भिगवणचं. ते तिच्या बहिणीचं.

तेव्हा ब्रेक घ्यावा की नाही, यावर मी कुणाला सल्ला देत नाही. ज्याची शिल्लक त्याने मोजावी. पण तुमच्या घरात, नात्यात, मजल्यावर अशी एखादी ‘ब्रेक’वर असलेली बाई असेलच. तिला कुठे जायचंय ते विचारा, आणि त्या दिवशी तिच्या घरचा डबा तुम्ही करा.