अभावाचे प्रमाण आणि रसायनशास्त्राची प्रयोगवही

पैनगंगेच्या दक्षिणेस पसरलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दू या चारही भाषा बाजारात आणि वर्गात एकत्र नांदतात. सीमेलगतच्या मंडलांतील मराठी माध्यमाच्या शाळांतून शिकलेली मुले पुढे शासकीय पदवी महाविद्यालयात बी.एस्सी.ला येतात, तेव्हा त्यांच्यापुढे १९७६ साली स्थापन झालेल्या वरंगळच्या काकतीय विद्यापीठाचा अभ्यासक्रम असतो. रसायनशास्त्र हा त्यांच्या तीन मुख्य विषयांपैकी एक असून त्याच्या सुरुवातीच्या प्रात्यक्षिकांत अकार्बनी क्षारांच्या मिश्रणाचे गुणात्मक विश्लेषण, म्हणजे मिश्रणात कोणते घटक आहेत (ते किती आहेत हे नव्हे) हे ओळखण्याची रीत, शिकवली जाते. प्रयोगवहीत कृती, निरीक्षण आणि अनुमान असे तीन रकाने आखलेले असतात, आणि तिसऱ्या रकान्यात पुन्हा पुन्हा लिहावे लागणारे वाक्य ‘पहिला गट अनुपस्थित’ या धर्तीचे असते. जे दिसले नाही ते नाही, असा या वाक्याचा अर्थ आहे. परंतु न दिसण्यावरून नसणे कोणत्या अधिकाराने ठरवायचे, हा प्रश्न भारतीय प्रमाणशास्त्राने, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या साधनांचा विचार करणाऱ्या शास्त्राने, शतकानुशतके इतक्या बारकाईने चर्चिला आहे की रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्याची ओळखही करून दिली जात नाही याचे नवल वाटावे.

गुणात्मक विश्लेषणाची सगळी रचनाच नकारांवर उभी आहे. दिलेल्या मिश्रणात साधारणतः दोन आम्लारिधर्मी मूलके, म्हणजे धातूंचे अथवा अमोनियमचे धनप्रभारित आयन, आणि दोन आम्लधर्मी मूलके, म्हणजे क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट यांसारखे ऋणप्रभारित आयन असतात. धातूंच्या शोधासाठी द्रावणात प्रथम विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात. पांढरा साका, म्हणजे द्रावणात न विरघळता तळाशी बसणारा पदार्थ, आला तर शिसे, चांदी किंवा पारा यांचा पहिला गट मिळाला असे समजतात. तो न आल्यास त्याच आम्लयुक्त द्रावणातून हायड्रोजन सल्फाइड वायू सोडून तांबे, कॅडमियम, बिस्मथ इत्यादींचा दुसरा गट शोधतात, आणि तोही न मिळाल्यास वायू उकळून घालवून अमोनियम क्लोराइड व अमोनियम हायड्रॉक्साइड यांच्या साहाय्याने लोह, ॲल्युमिनियम व क्रोमियम यांच्या तिसऱ्या गटाकडे वळतात. प्रत्येक पायरीला मागच्या पायरीवरचा नकार खरा असल्याचे गृहीत असते, आणि तो खोटा निघाला तर पुढचे सर्व निष्कर्ष, ते कितीही काळजीपूर्वक काढलेले असले तरी, संशयास्पद होतात.

वेदवाक्यांच्या अर्थाचा विचार करणाऱ्या मीमांसकांपैकी कुमारिल भट्टांचे अनुयायी आणि अद्वैत वेदान्ती यांनी अभावाच्या ज्ञानासाठी ‘अनुपलब्धी’ नावाचे स्वतंत्र प्रमाण मानले. अनुपलब्धी म्हणजे एखादी वस्तू न आढळणे, आणि तिलाच प्रमाण मानण्यामागे त्यांचा युक्तिवाद असा की इंद्रियाचा संपर्क असणाऱ्या वस्तूशीच येऊ शकतो, नसण्याशी येऊ शकत नाही. म्हणून जमिनीवर घडा नाही हे ज्ञान डोळ्याने झाले असे म्हणणे बरोबर नाही. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांना, हे मान्य नव्हते. त्यांच्या मते घटाभाव, म्हणजे घड्याचे नसणे, हे त्या जमिनीचेच विशेषण असल्यामुळे जमीन पाहतानाच तो प्रत्यक्षाने कळतो. प्रभाकरांच्या मीमांसक परंपरेने अभाव हा वेगळा पदार्थच नाकारला, तर सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने अनुपलब्धीला अनुमानातील हेतूचे, म्हणजे ज्यावरून निष्कर्ष काढायचा त्या खुणेचे, स्थान दिले. प्रयोगवहीचा मसुदा ज्याने ठरवला त्याने नकळत धर्मकीर्तीची बाजू घेतली आहे, कारण तेथे ‘साका आला नाही’ हे निरीक्षणाच्या रकान्यात आणि ‘गट अनुपस्थित’ हे अनुमानाच्या रकान्यात लिहिले जाते. परंतु या सर्व पक्षांत वर्गीकरणाबद्दल कितीही वाद असला तरी एका अटीवर त्यांचे बव्हंशी एकमत आहे, आणि प्रयोगशाळेच्या दृष्टीने खरी मोलाची ती अटच आहे: जी वस्तू असती तर आढळलीच असती, तिच्याच न आढळण्याला प्रमाण मानावे. वेदान्तपरिभाषा या सतराव्या शतकातील ग्रंथात धर्मराज अध्वरींद्राने हीच गोष्ट योग्यानुपलब्धी या नावाने मांडली आहे. लख्ख उजेडातील जमिनीवर घडा दिसला नाही तर तो नाही असे म्हणता येते, अंधारात म्हणता येत नाही, कारण अंधारात तो असता तरी दिसला नसता.

पहिल्या गटातील शिसे या अटीचा अर्थ परीक्षानळीत दाखवून देते. लेड क्लोराइड हा काही पूर्णपणे अविद्राव्य पदार्थ नव्हे. सुमारे २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात तो जवळपास १० ग्रॅम विरघळतो, आणि उकळत्या पाण्यात याच्या तिपटीहून अधिक. त्यामुळे द्रावण विरल असेल, किंवा विद्यार्थ्याने क्षार विरघळवण्यासाठी तापवलेली नळी थंड होऊ न देताच आम्ल घातले असेल, तर शिसे भरपूर असूनही साका पडत नाही आणि वहीत ‘पहिला गट अनुपस्थित’ अशी नोंद होते. तीच नळी वाहत्या नळाखाली धरली तर पांढरे, सुईसारखे स्फटिक हळूहळू खाली बसू लागतात. साका पडला तरीही काही शिसे द्रावणात उरतेच, आणि म्हणूनच पाठ्यपुस्तके शिसे पहिल्या व दुसऱ्या अशा दोन्ही गटांत दाखवतात. हायड्रोजन सल्फाइडने पडणारा काळा लेड सल्फाइड इतका अल्पविद्राव्य असतो की मागे निसटलेले शिसे तेथे सापडते. दोन्ही गटांत एकाच धातूचे नाव का, हे बहुतेक विद्यार्थी पाठ करतात आणि फार थोडे विचारतात. पहिल्या गटाची परीक्षा शिशाबाबत अपुऱ्या उजेडाची आहे, हे त्याचे उत्तर.

न आढळण्याची कारणे किती असू शकतात याची एक यादी ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतील सातव्या कारिकेत आहे. वस्तू फार दूर किंवा फार जवळ असणे, इंद्रिय बिघडलेले असणे, लक्ष नसणे, वस्तू अतिसूक्ष्म असणे, मध्ये आडोसा असणे, दुसऱ्या प्रबळ वस्तूने तिला झाकोळणे आणि सारख्याच वस्तूंत ती मिसळून जाणे, अशी आठ कारणे तीत सांगितली आहेत, आणि प्रकृती, म्हणजे सांख्यांच्या मते जगाचे मूळ कारण, दिसत नाही ती सूक्ष्मतेमुळे, अभावामुळे नव्हे, हा त्या यादीमागचा हेतू आहे. झाकोळण्याला सांख्यांनी अभिभव म्हटले आणि त्याचे उदाहरण म्हणून भाष्यकारांनी दिवसा सूर्यतेजापुढे न दिसणारे ग्रह-नक्षत्र दिले. ज्योत परीक्षेत, म्हणजे क्षाराचा कण तारेवर घेऊन ज्योतीचा रंग पाहण्याच्या परीक्षेत, हाच अभिभव रोज घडतो: पोटॅशियमची फिकट जांभळी ज्योत सोडियमच्या अंशमात्र अशुद्धीने येणाऱ्या पिवळ्या झळाळीत बुडून जाते, आणि पिवळा प्रकाश शोषून घेणारी कोबाल्टची निळी काच डोळ्यापुढे धरली की ती पुन्हा दिसते. ही परीक्षा तशी भारतीय परंपरेला अपरिचित नव्हती. बाराव्या शतकाच्या आसपासचा मानला जाणारा रसार्णव हा ग्रंथ तांब्याची ज्योत निळी, कथिलाची पारव्या रंगाची आणि शिशाची फिकट असते असे सांगतो, हे आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या आपल्या इतिहासात (पहिला खंड १९०२, दुसरा १९०९) नोंदवले. त्याच इतिहासाच्या दुसऱ्या खंडासाठी तत्त्वज्ञ ब्रजेंद्रनाथ सील यांनी प्राचीन भारतीयांच्या शास्त्रीय संकल्पनांविषयी लिहिले. रसायनशास्त्र आणि तर्कशास्त्र यांना तेव्हा एका ग्रंथात जागा मिळाली, ती पुढे विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत मिळाली नाही.

सारख्यात सारखे मिसळण्याचे सांख्यकारिकेचे टीकाकार वाचस्पती मिश्र यांचे उदाहरण तळ्यात पडलेल्या पावसाच्या थेंबांचे आहे. कॅल्शियम आणि स्ट्राँशियम यांच्या लालसर ज्योती एकत्र पाहणाऱ्याला त्याची वेगळी फोड करून सांगावी लागत नाही. आडोशाचे काम व्यत्यय आणणारी मूलके करतात. नायट्रेटसाठी केली जाणारी तपकिरी वलयाची परीक्षा ब्रोमाइड किंवा आयोडाइडच्या संगतीत भरवशाची राहत नाही, आणि फॉस्फेट आधी काढून टाकले नाही तर कॅल्शियम, बेरियम यांचे फॉस्फेट तिसऱ्या गटातच खाली बसतात व पाचव्या गटात जेथे ते धातू शोधायचे तेथे सापडत नाहीत. विश्लेषणाच्या तक्त्यातील प्रत्येक सूचना, ती कितीही कंटाळवाणी वाटली तरी, परीक्षेला ‘योग्य’ बनवण्यासाठी आहे. आणि नमुन्याऐवजी नुसते पाणी घेऊन केलेली कोरी चाचणी, किंवा तो घटक मुद्दाम घालून परीक्षा उतरते की नाही हे पाहणे, या दोन्ही गोष्टी म्हणजे उजेड आहे की नाही हे आधी तपासणे होय.

खेद वाटावा असा भाग हा की प्रात्यक्षिकाच्या प्रचलित पद्धतीत या तपासणीची गरजच विद्यार्थ्याला भासत नाही. बाटल्यांतील क्षार ठरावीक असतात, निळा दिसला की तांबे आणि गुलाबी दिसला की कोबाल्ट हे वरच्या वर्गातील मुलांकडून आधीच कळलेले असते, आणि मग उत्तर ठरवून उलट दिशेने निरीक्षणे लिहिली जातात. अशा वहीतील अनुमान हे खरे म्हणजे शब्दप्रमाण असते, म्हणजे विश्वसनीय मानलेल्या व्यक्तीच्या वचनावर आधारलेले ज्ञान, आणि ते प्रत्यक्षाचा वेष घेऊन येते. शब्दप्रमाणात स्वतःहून काही उणे नाही. अणुभारांचा तक्ता कोणीही स्वतः सिद्ध करून वापरत नाही. उणे आहे ते एका प्रमाणाच्या जागी दुसरे लपवून ठेवण्यात. आदिलाबादमध्ये याला एक उपाय हाताशी आहे. तेथील पैनगंगा गटाच्या प्राचीन चुनखडकांत मँगनीजचे थर आहेत, आणि अशा दगडाचा तुकडा आम्लात विरघळवून विश्लेषणाला घेतला तर त्यात काय आहे हे अध्यापकालाही पूर्णपणे ठाऊक नसते. चौथ्या गटात मँगनीजचा फिकट मांसल रंगाचा सल्फाइड येतो, तो हवेत तपकिरी पडत जातो, आणि नायट्रिक आम्लात सोडियम बिस्मथेट घातल्यावर परमँगनेटचा जांभळा रंग उमटतो. परंतु त्या दगडात निकेल नाही असे लिहिताना विद्यार्थ्याला प्रथमच थांबून विचार करावा लागेल की निकेल असते तर या कृतीत ते दिसले असते का.

हा प्रश्न न विचारल्याने मोठमोठ्यांच्याही हातून काय निसटते, याचे उदाहरण हवेच्या विश्लेषणाने दिले. हेन्री कॅव्हेंडिशने १७८५ साली हवेतील नायट्रोजन ऑक्सिजनशी विद्युत्‌ठिणग्यांनी संयोग करवून शोषून घेतला, तेव्हा मूळ नायट्रोजनच्या १२०व्या भागाहून मोठा नसलेला एक बुडबुडा शिल्लक राहिला. त्याने तो नोंदवला, आणि पुढची शंभरावर वर्षे हवेत दुसरा कोणताही उल्लेखनीय वायू नाही असेच धरून चालण्यात आले, कारण घटक ओळखण्याच्या परीक्षा अभिक्रियांवर आधारलेल्या होत्या आणि जो कशाशीच अभिक्रिया करत नाही तो त्यांना दिसणे शक्य नव्हते. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांतून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरतो हे लॉर्ड रॅले यांना तराजूने दाखवले, आणि १८९४ साली त्यांनी व विल्यम रॅम्से यांनी आर्गॉनचा शोध जाहीर केला. शोधाचे साधन बदलले तेव्हा ‘नाही’चे ‘आहे’ झाले.

ईश्वराच्या अस्तित्वाविषयीचा वादही योग्यतेच्या याच अटीपाशी येऊन थांबतो. नैयायिक उदयनाचार्यांच्या न्यायकुसुमांजलीच्या तिसऱ्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, ईश्वर दिसत नाही म्हणून नाही या आक्षेपाला दिलेले उत्तर असे की अनुपलब्धी ही दिसण्यास योग्य अशा वस्तूचाच अभाव सिद्ध करते, आणि ईश्वर त्या जातीचा नाही. न दिसणे एवढेच पुरेसे असेल तर घराबाहेर पडलेला चार्वाक, म्हणजे प्रत्यक्षापलीकडचे काही न मानणारा, बायकापोरे दिसेनाशी झाली म्हणून ती नाहीतच असे ठरवून ऊर बडवून रडेल आणि घरी परतणारच नाही, अशी त्यांनी उडवलेली टर प्रसिद्ध आहे. धर्मकीर्ती ईश्वरवादी नव्हता, तरी अतींद्रिय वस्तूच्या अनुपलब्धीने केवळ संशय उरतो, अभाव ठरत नाही, हे त्यालाही मान्य होते. पिशाचाचे उदाहरण बौद्ध तार्किक याच संदर्भात देतात. उलट ज्ञानदेवांच्या अमृतानुभवातील सर्वांत मोठे प्रकरण अज्ञानखंडनाचे आहे, आणि तेथे कोणत्याही प्रमाणाच्या कक्षेत न येणारे अज्ञान आहे असे म्हणण्यालाच आधार उरत नाही. प्रमाणाच्या पलीकडचे म्हणून राखून ठेवावे की प्रमाणाला सापडत नाही म्हणून सोडून द्यावे, असे दोन्ही मार्ग परंपरेत आहेत.

आदिलाबादच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न परका नाही. इंद्रवेल्ली मंडलातील केस्लापूरच्या नागोबा जत्रेसाठी मेस्राम कुळाचे गोंड पौष अमावास्येच्या पूजेचे जल गोदावरीहून अनवाणी पायी चालत आणतात, आणि त्या जलाचे प्रयोगशाळेत विश्लेषण केले तर कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, क्लोराइड यांसारख्या विरघळलेल्या पदार्थांपलीकडे काही हाती लागणार नाही. एवढ्यावरून त्यात पावित्र्य नाही असे लिहिणारा विद्यार्थी अंधारात घडा शोधत असतो; वेदान्तपरिभाषेने धर्म आणि अधर्म, म्हणजे कर्मजन्य पुण्य-पाप, यांना याच कारणासाठी अनुपलब्धीच्या कक्षेबाहेर ठेवले. मात्र कोणत्याही तीर्थाच्या पाण्याने अमुक रोग बरा होतो किंवा ते कधीच दूषित होत नाही असे कोणी म्हणू लागला, की तो दावा दिसण्यास योग्य वस्तूंविषयीचा होतो, आणि तेथे जंतू सापडले किंवा रोगी बरा झाला नाही तर अतींद्रियतेचा आश्रय घेण्याचा अधिकार उरत नाही. दावा करताना इंद्रियगोचर आणि तपासणीच्या वेळी अतींद्रिय, अशी सोय ईश्वरवादी आणि बौद्ध या दोन्ही पक्षांच्या ग्रंथांत कोठेही नाही. उदयनांनाही ती मिळाली नव्हती: तिसऱ्या स्तबकात बाधक प्रमाणे खोडून काढल्यानंतर ईश्वराच्या बाजूने काही सिद्ध झाले असे त्यांनी मानले नाही, आणि जगाचे कार्यरूप, अणूंचा संयोग घडवणारी प्रेरणा, जगाचे धारण इत्यादी साधक हेतू मांडण्यासाठी त्यांना पाचवा स्तबक स्वतंत्रपणे लिहावा लागला.