हात कोण हलवतंय?

टेबलावर एक मूल पालथं झोपवलेलं आहे. भोवती पाच माणसं. एकाने डोकं धरलंय, बाकीच्या चौघांकडे एकेक हात किंवा पाय. सगळे मिळून ठेक्यात त्या मुलाचं शरीर सरपटण्याच्या चालीत हलवतात. डोकं एका बाजूला, तसा हात वर, पाय वर, मग दुसरी बाजू. पाच मिनिटं हे न थांबता चालतं. दिवसातून निदान चार वेळा, आठवड्याचे सातही दिवस. पाचातले दोघं बहुधा आईवडील असतात, बाकीचे नातेवाईक, शेजारीपाजारी, चर्चमधून मदतीला आलेले लोक.

याला 'पॅटर्निंग' म्हणतात. मेंदूला इजा झालेल्या मुलांसाठी घरी करायचा हा उपचार अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात जन्मला. ग्लेन डोमन हा फिजिओथेरपिस्ट आणि कार्ल डेलाकाटो हा शिक्षणक्षेत्रातला मानसशास्त्रज्ञ, या दोघांनी टेम्पल फे या न्यूरोसर्जनच्या कल्पनांवर तो उभा केला. १९५५ साली डोमनने त्यासाठी संस्थाही काढली. मूळ विचार असा, की मुलाचा मेंदू वाढताना उत्क्रांतीच्याच पायऱ्या चढतो. आधी माशासारखा, मग सरपटणाऱ्या प्राण्यासारखा, मग सस्तन प्राण्यासारखा, शेवटी माणसासारखा. इजा झाली की एक पायरी अडते. मग तिथे परत जा, ती हालचाल हजारो वेळा करवून घ्या, मेंदू पुढे सरकेल. आमच्या भाषेत सांगायचं तर, जिथे अडकलाय तिथपासून प्रोग्राम पुन्हा रन करा. ऐकायला इतकं नीटनेटकं, की इंजिनिअरला तर पटावंच. अडचण एवढीच, की उत्क्रांतीच्या पायऱ्यांची ती कल्पना एकोणिसाव्या शतकातली आहे आणि जीवशास्त्राने ती केव्हाच मोडीत काढली आहे.

हे सगळं मी वाचायला घेतलं ते वहिनीमुळे. माझ्या मावसभावाच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. वहिनीला कुणीतरी पॅटर्निंगचा व्हिडिओ फॉरवर्ड केला. तिने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "तू जरा बघून सांगशील का रे, यात काही तथ्य आहे का? करायचं तर नोकरी सोडावी लागेल." प्रश्न थेरपीचा होता, पण माझं मन अडकलं ते शेवटच्या वाक्यात.

डोमनला ठग म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. त्या काळात अमेरिकेत अशा मुलाच्या आईवडिलांना डॉक्टर सर्रास सांगायचे, की याला संस्थेत ठेवा आणि विसरून जा. त्या संस्था कशा होत्या हे १९६८ साली फिलाडेल्फियातल्याच एका टीव्ही वाहिनीने दाखवलं. पेनहर्स्ट नावाच्या सरकारी संस्थेत मुलं खाटांना बांधलेली, घाणीत पडलेली. अशा जगात एक माणूस म्हणतो, तुमचं मूल मतिमंद नाही, त्याच्या मेंदूला इजा झाली आहे. त्याला घरी ठेवा, त्याचे सगळ्यात चांगले डॉक्टर तुम्हीच आहात. मी त्या जागी असतो तर त्याच्या मागे गेलो असतो.

पण उपचाराचं काय? १९६० साली डोमन आणि सहकाऱ्यांनी 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ७६ मुलांचे अनुभव छापले. मुलं सुधारली होती. पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. मुलं तशीही वाढतात, काही ना काही शिकतातच. पॅटर्निंग केलं नसतं तर किती शिकली असती, हे त्यावरून कळायला मार्ग नाही. १९७८ साली स्पॅरो आणि झिग्लर या संशोधकांनी तीन गट केले. एका गटाला थोडं बदललेलं पॅटर्निंग, दुसऱ्याला नुसता माणसांचा सहवास आणि लक्ष, तिसऱ्याला नेहमीची शाळा. वर्षभरानंतरचा त्यांचा निष्कर्ष असा, की या उपचाराची शिफारस करता येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९६८ पासून पुन्हा पुन्हा हेच सांगितलं आहे.

त्या अकादमीच्या निवेदनात वैद्यकीय भागापेक्षा मला एक नैतिक मुद्दा जास्त टोचला. या उपचाराचा प्रचारच असा केला जातो, की नकार देणाऱ्या आईवडिलांना आपल्या पालकपणाबद्दलच शंका यावी. म्हणजे बघा, कार्यक्रम इतका अवघड, की तो शंभर टक्के पाळणं जवळपास अशक्य. मग मूल चाललं, तर श्रेय पद्धतीचं. नाही चाललं, तर मंगळवारी चारऐवजी तीनच सेशन झाले होते ना? मी सॉफ्टवेअर विकतो आणि क्लायंटने बग दाखवला की दर वेळी 'तुम्हीच नीट वापरत नाही' म्हणतो, असं समजा. दोन महिन्यांत मला हाकलतील. आईला मात्र असं हाकलता येत नाही, कारण दोष तिने आधीच स्वतःकडे घेतलेला असतो. 'प्रयत्नांती परमेश्वर' ही म्हण आपण किती सहज तोंडावर फेकतो. तिच्या पोटात एक क्रूर हिशेब आहे. परमेश्वर भेटला नाही, म्हणजे प्रयत्न कमी पडले.

आणि प्रयत्न कुणाचे? टेबलापाशी परत बघा. घामाघूम कोण झालंय? पाच मोठी माणसं. मूल नुसतं हलवलं जातंय.

१९६३ साली रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी मांजराच्या पिल्लांवर एक प्रयोग केला. पिल्लं अंधारात वाढवलेली. उजेडात आणायची ती फक्त एका फिरत्या चक्राला जोडून. एक पिल्लू स्वतःच्या पायांनी चक्र फिरवायचं, दुसरं पाळण्यात बसून तेवढंच फिरायचं. दोघांना दिसत होतं सारखंच. पण नंतर टेबलाच्या कडेशी आणल्यावर पहिलं पिल्लू टेकायला पंजे पुढे करायचं, पाळण्यातलं करायचं नाही. पिल्लू म्हणजे मूल नव्हे, कबूल. तरीही पॅटर्निंगबद्दल वाचताना ते पाळण्यातलं पिल्लू माझ्या डोक्यातून जात नाही.

घरी करायचे सगळेच उपचार असे नसतात, आणि मी वहिनीला सांगितलं ते हेच. २००९ साली ऑस्ट्रेलियात आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सीच्या ३६ मुलांवर घरच्या ऑक्युपेशनल थेरपीची नीट चाचणी घेतली. गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेले, तपासणाऱ्याला कोण कुठल्या गटात हे माहीत नाही. उद्दिष्टं घरच्यांनी ठरवलेली. मुलाने काय करायचं तर सदऱ्याचं बटण लावणं, चमचा धरणं यांसारखी कामं, स्वतः. आठ आठवड्यांत फरक दिसला. पालकांनी हे सरासरी किती केलं? महिन्याला साडेसतरा वेळा, दर वेळी साडेसोळा मिनिटं.

हा आकडा मी दोनदा वाचला. महिन्याला पाच तासही नाहीत. एवढ्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही, धाकट्याचा अभ्यास राहत नाही, शेजाऱ्यांची पाळी लावावी लागत नाही. पण एक विचित्र गोष्ट. वहिनीला हे सांगितल्यावर तिला हायसं वाटलं नाही, ती जरा नाराजच झाली. "एवढंच?" म्हणाली. मला ते समजलं. आपल्या दुःखाच्या मापाचा उपचार हवा असतो. सोळा मिनिटं त्या मापाला फार लहान पडतात. दिवसभराचं टेबल बरोबर बसतं. आईला तिथे सतत काहीतरी करता येतं, आणि करत असेपर्यंत 'हे असंच राहील का' हा प्रश्न लांब ठेवता येतो.

त्या प्रश्नाचं उत्तर काही अंशी उपलब्ध आहे. त्याच 'जामा'मध्ये २००२ साली कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या ६५७ मुलांचा अभ्यास छापून आला. सेरेब्रल पाल्सीच्या तीव्रतेच्या पाच पातळ्या, आणि प्रत्येक पातळीवरचं मूल हालचालीत साधारण कुठवर जातं याचे आलेख. सगळ्यात सौम्य पातळीची मुलं आपल्या क्षमतेच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पाचव्या वर्षाच्या आसपास पोचतात, सगळ्यात तीव्र पातळीची तिसऱ्या वर्षाच्या आतच. तो आलेख आईला दाखवायचा का? माझ्या मते दाखवायचा, आणि लवकर. पाचव्या पातळीच्या मुलाला चालायला लावण्यात चार वर्षं गेली, तर त्या चार वर्षांत नीट बसवणारी खुर्ची, दुखणारा खुबा, 'मला हे नको' एवढं तरी सांगता येईल असा एखादा बोर्ड, हे सगळं मागे पडतं. उद्या चालणाऱ्या मुलाची वाट बघताना आज न चालणारं मूल एकटं पडतं.

यावर कुणी म्हणेल, तू आईची आशा काढून घेतोयस. हा आक्षेप मला खोडता येत नाही. एखादी आई सगळं समजून, आलेख बघूनही टेबलापाशी उभी राहिली, तर तिला चूक म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. माझा प्रश्न तिला नाहीच. तो आहे तिच्या हातात वेळापत्रक देणाऱ्याला. किती महिन्यांत, काय दिसलं नाही, तर तुम्ही स्वतःहून म्हणाल, 'ताई, आता थांबा, हे तुमच्या मुलासाठी नाही'? ती तारीख त्या वेळापत्रकावर कुठे लिहिली आहे?