पाक पाणी आणि निर्धोक पाणी

प्रत्येक सजीवाची निर्मिती पाण्यापासून झाल्याचे अल्लाह तआलाने दिव्य कुरआनच्या सूरह अंबियामध्ये सांगितले आहे. रत्नागिरीकरांवर तर या देणगीचा वर्षाव अक्षरशः होतो. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस येथे पडतो. तरीही एप्रिल उजाडला की विहिरी तळ गाठतात आणि वाड्यावस्त्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. नेमके याच दिवसांत निकाह आणि वलीमे असतात, आखाती देशांतील आप्त सुट्टीवर आलेले असतात आणि दारात सीलबंद बाटल्यांचे खोके उतरतात. ‘नळाचे पाणी नको, बाटलीच आणा’ हे वाक्य आता घराघरांत ऐकू येते. बाटलीतले पाणी खरोखरच अधिक सुरक्षित असते का, आणि या प्रश्नात दीनचे काही मार्गदर्शन आहे का, याचा विचार करू या.

प्रथम एक फरक ध्यानात घ्यायला हवा. फिकहमध्ये पाणी मुळात पाक मानले जाते. केवळ शंकेने ते नापाक ठरत नाही. एका प्रवासात हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी हौदाच्या मालकाला, येथे हिंस्र जनावरे पाणी पितात का, असे विचारले. तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी मालकाला उत्तर देऊ नकोस असे सांगितल्याची नोंद ‘मुवत्ता’मध्ये आहे. फुकहांनी यावरून घेतलेला बोध असा की, वहम बाळगून इबादत अवघड करू नये.

परंतु पाक असणे वेगळे आणि निर्धोक असणे वेगळे. कॉलरा, विषमज्वर किंवा कावीळ पसरवणाऱ्या जंतूंनी पाण्याचा रंग, गंध वा चव बदलत नाही. ज्या पाण्याने वुजू निःशंक होतो, तेच पाणी पिण्यास घातक असू शकते. येथे शरीयतचे दुसरे तत्त्व लागू होते: स्वतःला अपाय करू नये आणि दुसऱ्यालाही करू नये. साचलेल्या पाण्यात लघवी करण्यास पैगंबर मुहम्मद (स.) यांनी मनाई केली, रात्री भांडी झाकून ठेवण्याची ताकीद दिली. म्हणजे वुजूच्या पाण्याबाबत नाहक चौकशी नको. पिण्याच्या पाण्याबाबत मात्र चौकशी हे कर्तव्यच आहे.

ही चौकशी बाटलीचीही व्हायला हवी. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २००३ मध्ये दिल्ली व मुंबई परिसरातील बाटल्यांच्या तपासणीचा अहवाल जाहीर केला, त्यात अनेक नामवंत कंपन्यांच्या पाण्यात कीटकनाशकांचे अंश आढळले. त्यानंतर मानके कडक झाली. २०२४ मध्ये केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बाटलीबंद पाण्याचा समावेश अतिजोखमीच्या खाद्यपदार्थांत केला. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना लिटरभर बाटलीबंद पाण्यात प्लॅस्टिकचे सरासरी २ लाख ४० हजार सूक्ष्म कण सापडले. शरीरावर त्यांचा नेमका परिणाम काय, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. पण बाटली म्हणजे निव्वळ शुद्धता हा समज मात्र टिकत नाही. समारंभात येणाऱ्या थंड पाण्याच्या सुट्या जारवर तर पुष्कळदा ना सील असते ना तारीख.

नळाचेही दोष आहेत. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी चांगले असले, तरी पुरवठा बंद असताना जलवाहिनीतला दाब जातो आणि गळतीच्या जागी बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणूनच नळाच्या शेवटच्या टोकालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असे भारतीय मानक सांगते. टीसीएल पावडरच्या ज्या वासाला आपण नाक मुरडतो, तो बहुधा राखणीचा वास असतो. बाटलीवर मात करणारी नळाची एक बाजू अशी की, त्याचा हिशेब नागरिकाला मागता येतो. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो, स्रोतांचे सर्वेक्षण होते आणि त्यानुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारले आहे?

तेव्हा उत्तर असे: सुरक्षितता किमतीत नसते, तपासणीत असते. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तशा प्रसंगी सीलबंद बाटली जीव वाचवते आणि तिचा वापर योग्यच आहे. एरवी नळाचे पाणी गाळून, खळखळून उकळून, झाकून ठेवले किंवा मेडिक्लोरचे थेंब सांगितलेल्या प्रमाणात घातले, तर जंतूंचे भय उरत नाही.

मात्र एक प्रश्न याहून खोल आहे. मदीनेत गोड्या पाण्याची रूमा ही विहीर होती आणि तिचे पाणी विकत घ्यावे लागे. पैगंबर (स.) यांनी आवाहन करताच हजरत उस्मान (रजि.) यांनी ती विकत घेऊन सर्वांसाठी वक्फ केली. विहिरीत त्यांच्या बादलीचा हक्क इतरांच्या बादलीइतकाच राहिला. ऐपतदार माणसाने पैसा खर्च केला, तो सर्वांचे पाणी सुधारण्यासाठी. आज ऐपतदाराने बाटली घेतली की नळाविषयी तक्रार करणारा एक आवाज कमी होतो, आणि त्या नळावर उरतो तो बाटली न परवडणारा शेजारी. पाहुण्यापुढे सीलबंद बाटली आणि भांडी घासणाऱ्या बाईला न उकळलेले पाणी, हा भेद आपल्या घरात असेल, तर जे स्वतःसाठी तेच भावासाठी पसंत करण्याच्या शिकवणुकीचे काय झाले?

मोहल्ल्याच्या जमातीने वर्षातून दोनदा मशिदीच्या टाकीची सफाई करावी, पाण्याचा नमुना जिल्हा प्रयोगशाळेकडे पाठवावा आणि अहवाल जुम्याच्या दिवशी फलकावर लावावा. वलीम्यात बाटल्यांऐवजी उकळलेल्या पाण्याची झाकलेली पिंपे ठेवावीत. हजरत साद बिन उबादा (रजि.) यांनी दिवंगत मातेसाठी उत्तम सदका कोणता असे विचारले, तेव्हा पाणी, असे उत्तर मिळाले होते. ते पाणी निर्धोक असावे, हे त्या सदक्याचेच अंग आहे.

अल्लाह तआला आपल्याला या अमानतीची जाण देवो. आमीन.