तिसऱ्यांदा नाक

माझ्या नाकावर दोन शस्त्रक्रिया झाल्यात. दुसरी ही पहिलीची दुरुस्ती. तिलाही सव्वा वर्ष झालं, म्हणजे सूज उतरून खरा आकार दिसावा एवढा काळ गेला. डाव्या बाजूला खळगा आहे आणि जोरात श्वास घेतला की तीच बाजू आत ओढली जाते.

डॉक्टर म्हणतात, अजून करता येईल. पण नाकाच्या पडद्यातली कूर्चा वापरून झाली आहे. आता कानाची किंवा बरगडीची घ्यावी लागेल. बरगडीची मजबूत, पण पुढे वाकू शकते. शिवाय जुन्या व्रणांमुळे दर खेपेला काम अवघड होतं. खळग्यात फिलर भरता येतं, मात्र ते रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरते, क्वचित दृष्टीही जाते. माझ्या धंद्यात जुनं व्हर्जन परत आणता येतं, इथे नाही.

घरी मी श्वासाचंच कारण सांगतो. खळग्याचं नाव काढलं की ‘मुलगा असून एवढं काय नाकाचं?’

श्वास ही गरज आणि रूप म्हणजे नखरे, ही वाटणी मला मान्य नाही. इंग्रजांच्या फौजेतला बैलगाडीवाला कावसजी टिपूच्या कैदेत सापडला, तेव्हा त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक केलं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ साली ते चित्रासह छापलं. श्वास तर त्याचा चालूच होता. नाक हवं असणार ते चारचौघांत वावरायला. त्याला नखरेल कोण म्हणेल?

फरक मला दुसरीकडे दिसतो. कावसजीची गरज कुठे संपते ते दिसत होतं. माझी? फूटभरावरून काढलेल्या सेल्फीत कुणाचंही नाक आहे त्याहून रुंद दिसतं, आणि मी खळगा बघतो तो बहुतेक तिथेच. (आरशात दिवसाचे तास जात असतील तर सर्जनआधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. माझे तेवढे जात नाहीत, मोजलेत.) ‘एवढं झालं की पुरे’ हे आधी सांगता येत नसेल, तर तक्रार खरी असूनही ऑपरेशन चुकीचं ठरू शकतं, असं मला वाटतं.

म्हणून डॉक्टरांना विचारलं, फक्त श्वासापुरतं केलं तर? म्हणाले, बाजूला आधार द्यायला कानाची कूर्चा पुरेल. खळगा थोडा भरेल, पूर्ण नाही.

त्या ‘थोडा’वर दोन आठवडे अडलोय.