पाहणाराचा वांटा

नीतिशास्त्राच्या वर्गांत मी गेलीं पंचवीस वर्षें मुलांना कर्माची मीमांसा शिकवीत आलों आहें. हेतु, कृति व परिणाम या तिहींपैकीं कशावरून कर्माचा बरेवाईटपणा ठरवावा, हा वाद जुना आहे. तो माझ्या वर्गांत दरसाल नव्यानें सुरू होतो आणि परीक्षा आली म्हणजे अनिर्णित संपतो. परंतु केवळ पाहणें हें कर्म आहे कीं नाहीं, असा प्रश्न मीं कधीं विचारला नाहीं व एकाहि विद्यार्थ्यानें मला विचारला नाहीं. कारण उघड आहे. आपल्या परंपरेनें पाहणाराला फार उंच आसन दिलें आहे. मुंडकोपनिषदांत एका झाडावर दोन पक्षी बसले आहेत. एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. त्यांत थोर कोणता हें सांगावयास नको. सांख्यांचा पुरुष तर शुद्ध प्रेक्षकच आहे. प्रकृति नर्तकीप्रमाणें त्याच्यापुढें नाचते आणि त्यानें आपणांस पाहिलें असें कळतांच निवृत्त होते. अमळनेरास १९१६ सालीं स्थापन झालेल्या तत्त्वज्ञान मंदिराच्या ग्रंथालयांत बसून तरुणपणीं मीं हे ग्रंथ वाचले, आणि करणारा अडकतो व पाहणारा मोकळा राहतो, हा हिशेब त्या वेळीं मला बिनचूक वाटला.

तो चुकला असावा अशी शंका प्रथम आली ती कांहीं वर्षांपूर्वीं, ऑस्ट्रियांत, इन्सब्रुक शहराच्या बर्गइझेल नांवाच्या टेकडीखालीं जानेवारीच्या थंडींत उभा असतांना.

माझा भाचा म्युनिकला एका कारखान्यांत इंजिनियर आहे. त्याच्या आग्रहावरून नाताळच्या सुटींत मी त्याच्याकडे गेलों. आम्ही जळगांवची माणसें. बर्फ म्हणजे आम्हांला लहानपणीं गोळेवाल्याच्या गाडीवरचा, किंवा वैशाखांत अवकाळी येऊन केळीच्या बागा झोडपून जाणाऱ्या गारांचा. मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो तेथें वाढलेल्या माणसानें, शून्याखालच्या हवेंत दोन-दोन स्वेटर व भाच्याचा ओव्हरकोट घालून मोकळ्या मैदानांत तीन तास उभें राहण्यासाठीं तिकिटाचे पैसे भरावे, हें माझ्या पत्नीला अजून पटलेलें नाहीं. परंतु भाचा म्हणाला, "मामा, राजवाडे आणि चर्च तुम्ही पुस्तकांत पाहिलीं आहेत. हें पुस्तकांत दिसणार नाहीं."

तें खरेंच पुस्तकांत दिसण्यासारखें नव्हतें. जर्मनी व ऑस्ट्रिया मिळून चार टेकड्यांवर, नववर्षाच्या आगेमागें, स्कीवरून उड्या मारण्याचे सामने १९५३ पासून होत आले आहेत. इन्सब्रुक हें त्यांतील तिसरें ठिकाण. उंच मनोऱ्यावरून एक अरुंद उतार खालीं येतो आणि मध्येंच तुटतो. खेळाडु पायांना लांब पट्ट्या बांधून त्या उतारावरून ताशीं सुमारें नव्वद किलोमीटर वेगानें येतो, तुटलेल्या कडेशीं उसळी घेतो आणि सव्वाशें मीटरांच्या आसपास हवेंतून जाऊन पुन्हां उतारावर टेकतो. खालून पाहतांना तो आकाशांतून येत आहे असें वाटतें. वस्तुतः खालच्या जमिनीचा बांक त्याच्या मार्गाला धरूनच केलेला असतो व तो जमिनीपासून कांहीं थोडेच मीटर वर असतो. हें कळल्यावर माझी भीति कमी व्हावयास हवी होती. पण बुद्धीला कळलें तें डोळ्यांनीं ऐकलें नाहीं.

अंतराइतकेंच महत्त्व तेथें रीतीला आहे. पांच पंच गुण देतात, त्यांतील सर्वांत वरचा व सर्वांत खालचा आंकडा गाळतात. वारा समोरून आहे कीं पाठीमागून, याचाहि हिशेब करून गुण वाढवितात अथवा उणे करतात. टेकतांना एक पाऊल पुढें व एक मागें असावें लागतें. म्हणजे जीव मुठींत धरून आलेल्या माणसानें शेवटच्या क्षणीं नमस्कार केल्यासारखें वांकणें आवश्यक! पन्नास खेळाडूंच्या पंचवीस जोड्या लावतात. जोडींतला जिंकणारा पुढें जातो. हरणाऱ्यांपैकीं उत्तम पांचांना आणखी एक संधि मिळते.

दुसरी एक गोष्ट भाच्यानें हळूच सांगितली. मनोऱ्याच्या टोकावर बसलेल्या खेळाडूला समोर काय दिसतें? खालीं प्रेक्षकांचें कडें, आणि त्याच्या पलीकडे, बरोबर नजरेच्या रेषेंत, विल्टन भागांतलें कबरस्तान.

पहिला तासभर मी अगदीं रंगून गेलों होतों. मग, खरें सांगावयाचें तर, मला कंटाळा आला. अशिक्षित डोळ्याला विसावी उडी पहिल्या उडीसारखीच दिसते. भोंवतालचे लोक झेंडे हालवीत होते, घंटा वाजवीत होते, आपापल्या देशाच्या पोरांना ओरडून उत्तेजन देत होते. माझें त्यांत कोणी नव्हतें. याच शहरांत १९६४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्यें जेरेमी बुजाकोव्स्की हा हिंदुस्थानतर्फे प्रथमच उतरला होता, तोहि उड्यांत नव्हे, उतारावरील शर्यतींत, आणि ती शर्यत त्याला पुरी करतां आली नव्हती. एवढें आठवून मी देशाभिमानाची ऊब घेण्याचा प्रयत्न केला. ती फार वेळ टिकली नाहीं.

आणि मग एक तरुण पडला. हवेंत त्याची एक पट्टी वाकडी झाली. तो कुशीवर आपटला, दोनदां उलटला आणि हातपाय पसरलेल्या बाहुलीसारखा घसरत खालच्या सपाटीपर्यंत आला. घंटा थांबल्या.

त्या क्षणीं माझ्या मनांत काय आलें तें लिहावयाचें नसेल तर हा लेख लिहिण्यांत अर्थ नाहीं. प्रथम दया आली नाहीं, भीतीहि आली नाहीं. प्रथम आलें तें समाधान. इतक्या दूर आल्याचें, थंडींत उभें राहिल्याचें सार्थक झालें, असें कांहींसें. कंटाळा कोठल्या कोठें पळाला. दया आली ती मागून, आणि तिला आपण उशीरा आलों हें ठाऊक असल्याप्रमाणें ती फार जोरानें आली. भाच्यानें डोळे मिटून घेतले होते. तो म्हणाला, "मामा, उठला का हो?" मीं उत्तर दिलें, "अजून नाहीं." माझा तो आवाज मला ऐकूं आला. तो सामन्याचें वर्णन सांगणाऱ्याचा आवाज होता.

मदतीचीं माणसें धांवत आलीं. थोड्या वेळानें तो उठला, एक हात वर केला, आणि सगळ्या मैदानानें टाळ्यांचा कडकडाट केला. मींहि केला. मग पुढची जोडी आली.

सेंट ऑगस्टाइननें आपल्या आत्मनिवेदनांत अलीपियस या मित्राची हकीगत दिली आहे. मित्रांनीं त्याला बळेंच रोमच्या रंगणांत ओढून नेलें. शरीर न्या, मन नेतां येणार नाहीं, या बाण्यानें त्यानें डोळे घट्ट मिटून घेतले. पण एक योद्धा पडला, लोकांनीं एकच गर्जना केली, आणि कुतूहलानें त्याचे डोळे उघडले. मग तो पूर्वींचा अलीपियस राहिला नाहीं. ही कथा मीं वर्गांत अनेकदां सांगितली आहे, आणि सांगतांना मी नेहमीं ऑगस्टाइनच्या बाजूला उभा असें.

यावर आक्षेप येईल कीं रोममधील योद्धा गुलाम होता; हा तरुण स्वेच्छेनें, आनंदानें उडी मारतो. आक्षेप खरा आहे. शिव केशवन हा हिमाचलांतला मुलगा १९९८ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, नागानो येथें बर्फावरच्या घसरगाडींत बसून उतरला. पुढें २०१८ पर्यंत त्यानें सहा हिवाळी ऑलिंपिक केले. गाडीला चाकें लावून तो हिमालयांतल्या डांबरी रस्त्यांवर सराव करी. त्याला पाहण्यासाठीं तेथें कोण तिकीट काढून बसलें होतें? साहसाला प्रेक्षक लागतोच असें नाहीं. गिर्यारोहक ज्या कड्यावर चढतो तेथें बहुधा त्याला कावळाहि पाहत नसतो.

हें सर्व मी मान्य करतों. तरीहि एक गोष्ट खुपत राहते. १९६४ च्या इन्सब्रुकच्या खेळांत उद्घाटनापूर्वींच सरावांत दोन माणसें गेलीं, एक ऑस्ट्रेलियन स्कीपटु आणि दुसरा इंग्लंडतर्फे आलेला घसरगाडीवाला. २०१० मध्यें कॅनडांत व्हिसलर येथें नोदार कुमारिताश्विली हा एकवीस वर्षांचा जॉर्जियन तरुण उद्घाटनाच्याच दिवशीं सरावांत गाडींतून फेंकला जाऊन लोखंडी खांबावर आदळला व मेला. वरवर पाहतां हीं उदाहरणें प्रेक्षकाला निर्दोष ठरवितात, कारण सराव म्हणजे कांहीं जत्रा नव्हे. परंतु व्हिसलरला पुढें काय केलें पाहा. पुरुषांच्या शर्यतीचा आरंभ खालीं आणून स्त्रियांच्या आरंभापाशीं नेला, म्हणजे वेग कमी केला. शर्यत झाली. पहिला आला, दुसरा आला, पदकें वांटलीं गेलीं. कौशल्याची परीक्षा त्या कमी वेगांतहि होऊं शकत होती. मग आधींचा तो वरचा वेग कोणासाठीं होता? सर्वस्वीं आमच्यासाठीं होता असें मी म्हणत नाहीं. खेळाडूची ईर्षा त्यांत होती, रुळ बांधणाऱ्यांचा अभिमान होता. पण आमच्यासाठीं मुळींच नव्हता, असेंहि म्हणवत नाहीं. विसाव्या उडीला कंटाळणारा जो मी, त्याचा कंटाळा घालविण्याची कोणीतरी सोय करीत असतो.

नाट्यशास्त्रानें ही अडचण सुंदर रीतीनें सोडविली आहे. रंगभूमीवरचा भयानक रस आस्वाद्य असतो, कारण तेथें कोणी खरोखर मरत नाहीं. पडदा पडल्यावर नट घरीं जाऊन जेवतो. मैदानावर मात्र तीच रसिकता घेऊन आपण खऱ्या हाडामांसासमोर बसतों, आणि साक्षित्व व करमणूक यांतील भेद विसरतों. उपनिषदांतला दुसरा पक्षी पाहतो खरा, पण पहिला फांदीवरून पडला तर बरें, म्हणजे सायंकाळ मजेंत जाईल, असें त्याच्या मनांत येत असेल काय?

हें सर्व परक्या देशाच्या माथीं मारून मोकळें होतां आलें असतें, पण परततांना विमानांत मला माझ्या लहानपणींच्या बारागाड्या आठवल्या. खानदेशांत आखाजीच्या सुमारास, कोठें इतर यात्रांना, बारा बैलगाड्या एकामागून एक बांधतात व नवस बोललेला भगत आपल्या साथीदारांसह त्या ओढीत नेतो. विशेष हें कीं गाड्या रिकाम्या नसतात. गांवचींच माणसें त्यांवर गर्दी करून बसतात. तेथें प्रेक्षक हाच भार असतो. चाकें फिरूं लागलीं म्हणजे त्यांना थांबविणें कोणाच्या हातीं नसतें.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. धुळें तालुक्यांतल्या माझ्या आजोळीं, वडिलांच्या खांद्यावर बसून मी पाहत होतों. गाड्यांच्या बाजूनें धांवणारा एक तरुण घसरला व त्याचा पाय चाकाखालीं आला. गर्दी त्याच्यावर मिटली. मला एवढेंच दिसलें. परंतु पुढें महिनाभर शाळेंत मी मोठा माणूस होतों. पाय कसा गेला, आवाज कसा आला, हें मीं कितीदां सांगितलें असेल! आवाज तर मीं ऐकलाहि नव्हता. घरीं आल्यावर तीच कथा आईला रंगवून सांगितली. ती भाकरी थापीत होती. तिनें विचारलें, "मंग त्यानं काय व्हयनं?" त्या पोराचें पुढें काय झालें, हें मला ठाऊक नव्हतें, आणि तें कोणाला विचारावें असें मला सुचलेंहि नव्हतें. आईनें पुन्हां कांहीं विचारलें नाहीं. तव्यावरची भाकरी उलटली.

इन्सब्रुकहून निघण्यापूर्वीं, सामन्याच्या दुसऱ्या दिवशीं, मीं भाच्याला वर्तमानपत्र आणावयास लावलें. निकालाच्या यादींत अगदीं तळाशीं त्या तरुणाचें नांव होतें; त्याच्या प्रकृतीविषयीं एक ओळहि नव्हती. भाच्यानें आपल्या फोनवर बराच शोध केला तेव्हां खांदा दुखावला आहे एवढें समजलें. तेथेंच त्यानें मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती आदल्या दिवशीं मुद्दाम सांगितली नव्हती. १९९९ च्या डिसेंबरांत त्याच बर्गइझेलच्या मैदानांतून बर्फावरील एका सामन्यानंतर बाहेर पडतांना प्रेक्षकांची चेंगराचेंगरी झाली व त्यांत कांहीं तरुण जीव गेले. आम्ही ज्या उतारावरून हांसत खालीं आलों होतों तोच परिसर.

त्या वर्षीं आखाजीला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याबरोबर मी आजोळीं गेलों. मामांचें घर आतां विकलें गेलें आहे. बारागाड्या निघावयास अवकाश होता म्हणून आम्ही एका ओट्यावर बसलों आणि मीं तेथल्या म्हाताऱ्यांना त्या अपघाताविषयीं विचारलें. त्यांना तो लगेच आठवला. माझ्या आठवणीहून त्यांची आठवण फार साधी होती. धुळ्याच्या इस्पितळांत तो तीन महिने होता. पाय वांचला, पण आंखूड झाला. मग त्यानें किराण्याचें लहानसें दुकान काढलें, लग्न केलें, दोन मुली उजवल्या, आणि चार वर्षांपूर्वीं तापानें गेला. यात्रेच्या दिवशीं दुकान बंद ठेवून तो घरांत बसे. बारागाड्या पाहावयास मात्र येत नसे.

त्याचें नांव मला त्या दिवशीं प्रथम कळलें. तेवढ्यांत गाड्यांकडून आरोळी उठली आणि ओट्यावरचे म्हातारे, काठ्या टेकीत, लगबगीनें उठून तिकडे चालूं लागले.