हळवे, गरवे

दिवाळीत कर्जतहून खोपोलीची गाडी धरली, की पळसदरीच्या पुढे दोन्ही बाजूंची भातशेती एकसारखी दिसत नाही. एका खाचरात कापणी होऊन भारे बांधलेले, तर बांधापलीकडच्या लोंब्या अजून हिरवट. पाऊस तोच, मातीही तीच, फरक वाणाचा. कर्जतच्या संशोधन केंद्राचे ‘कर्जत-३’ हळवे, म्हणजे लवकर पिकणारे; ‘कर्जत-२’ गरवे, उशिरा पिकणारे. इथल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

खालापूर तालुक्यातल्या माझ्या मित्राच्या घरात मात्र एका आजाराबद्दल एवढेच बोलले जाते : “आमच्यात किडन्या जातात.” वडील त्यातच गेले. थोरल्या भावाचे डायलिसिस ५३व्या वर्षी सुरू झाले, आठवड्यातून तीनदा पनवेलला. त्याची सोनोग्राफी मी पाहिली आहे. एरवी मूत्रपिंड साधारण ११ सेंटिमीटर लांब असते. त्याची दोन्ही सतराच्या पुढे, पाण्याच्या फोडांनी गच्च भरलेली. हा पॉलिसिस्टिक किडनीचा आजार. आईवडिलांपैकी एकाला असेल, तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी.

बहुतेक घराण्यांत दोष १६व्या गुणसूत्रावरच्या ‘पीकेडी-१’ या जनुकात असतो, काहींत चौथ्या गुणसूत्रावरच्या ‘पीकेडी-२’ मध्ये. पहिले जनुक १९९४ साली सापडले, दुसरे १९९६ साली. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ‘पीकेडी-१’चा संदेश मध्येच तुटत असेल, तर निम्म्या रुग्णांची मूत्रपिंडे साधारण ५५व्या वर्षापर्यंत निकामी झाली होती. संदेश न तुटता नुसता बिघडलेला असेल, तर हेच वय ६७, आणि दोष ‘पीकेडी-२’मध्ये असेल तर ७९. आजाराचे नाव एकच, पण एक हळवा आणि एक गरवा. हे आकडे ब्रिटनीतल्या माणसांचे आहेत. आपल्याकडच्या घराण्यांचे असे तपशील कोणी तरी चिकाटीने जमवायला हवेत, असे मला फार वाटते.

पण वाण कळला म्हणजे कापणीची तारीख कळली, असे नाही. माझा मित्र धाकटा. भावाला आला तोच दोष त्यालाही आला आहे. कंपनीच्या वार्षिक तपासणीत ३१व्या वर्षी त्याचे बीपी वाढलेले सापडले आणि गोळ्या सुरू झाल्या. आगोटीला भरून ठेवलेली सुकी मासळी आणि लोणची त्याच्या ताटातून गेली. आज तो ५२ वर्षांचा आहे आणि त्याची मूत्रपिंडे निभावून नेत आहेत. हे सगळे गोळ्यांचेच श्रेय, असे मी म्हणणार नाही. दोघा भावांची बाकीची जनुके सारखी नसतात, आणि त्यांचाही आजाराच्या वेगात वाटा असतो. तरी तरुण वयात बीपी कडक ताब्यात ठेवले, तर मूत्रपिंडांची वाढ मंदावते, हे २०१४ साली एका मोठ्या चाचणीत दिसले आहे. थोरल्याचे बीपी तपासलेच गेले नव्हते. त्याला काही होत नव्हते, म्हणून कोणी बघितले नाही. या आजारात फोड वाढत असतानाही उरलेला चांगला भाग जास्तीचे काम उचलतो. रक्तातले क्रिएटिनिन वर्षानुवर्षे ठीक येते, आणि ते वाढलेले दिसते तोवर बरेच काही गेलेले असते.

थोरल्याला किडनी द्यायची वेळ आली, तेव्हा हे सगळे घरासमोर उघडे पडले. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने जवळच्या नातेवाइकाचे दान सोपे केले. पण इथे जवळचा नातेवाईकच आधी संशयाखाली. २६ वर्षांचा मुलगा पुढे झाला, सोनोग्राफीही साफ आली, तरी डॉक्टर थांबले. या वयात फोड दिसत नाहीत म्हणजे दोष नाहीच, असे मानता येत नाही. जनुकाची तपासणी लागते. ‘पीकेडी-१’शी मिळतेजुळते सहा निकामी तुकडे त्याच गुणसूत्रावर असल्याने ती तपासणीही किचकट. बहीण ४६ वर्षांची होती. चाळिशीनंतर एकही फोड नसेल, तर सोनोग्राफीवर भरवसा ठेवता येतो. किडनी तिने दिली.

त्या मुलाने आता घराण्याचा तक्ता काढला आहे. कोणाला, कितव्या वर्षी, बीपी पहिल्यांदा कधी सापडले. पणजोबांपर्यंत जाता आले नाही. त्या काळी माणसे ‘अंगावर सूज येऊन’ जात. आत्याच्या नावाखाली त्याने रेघ ओढून सोडून दिली. तिच्यात दोष नाही, म्हणजे तिच्याकडून तो तिच्या मुलांकडेही गेलेला नाही. स्वतःच्या नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवले आहे. तपासणी करायची की नाही, हे त्याचे ठरलेले नाही, आणि त्यासाठी त्याला कोणी घाई करू नये.

काकाच्या मुलीपुढची जागा मात्र कोरी आहे. “तिचं लग्न जमेपर्यंत काही नको,” असे माझा मित्र म्हणतो. त्याची भीती मला कळते; एका कागदावरून मुलगी नाकारणारी माणसे आपल्याच गावात आहेत. पण ती २८ वर्षांची आहे. जनुक राहू दे, निदान तिचे बीपी तरी बघ, असे मी त्याला दोनदा सांगितले आहे. या दिवाळीत फराळाला जाईन, तेव्हा मशीन बरोबर नेणार आहे.