मांजरसुंब्याच्या घाटातला रथ

बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की बालाघाटाचा चढ लागतो. एके काळी या रस्त्यावर अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी, दोघींचाही कस लागे. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, अंग हलकं. वळणावर ती चटकन वळे. अ‍ॅम्बेसेडर जड, 1489 सीसीची. वळताना ती झुके, पण मागच्या पाट्यांच्या जोरावर खड्डे पचवून पुढे जाई.

मग गाडीचा गुण नेमका कुठे असतो?

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला रथाबद्दल हेच विचारतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आसही नव्हे. सगळं जुळलं की त्या जुळणीला आपण रथ म्हणतो. अ‍ॅम्बेसेडर याचा चालता पुरावा आहे. मूळची ती इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. 1990च्या दशकात तिच्यात इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन आलं. ओढ बदलली, वेग बदलला, तरी 2014 साली उत्तरपाड्यात उत्पादन थांबेपर्यंत लोक तिला अ‍ॅम्बेसेडरच म्हणत राहिले.

बीड जिल्ह्यातल्याच अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांच्या ‘विवेकसिंधू’चा अद्वैत विचार नागसेनापाशी थांबत नाही: बदलणाऱ्याला बदलताना पाहणारं, स्वतः न बदलणारं काही आहेच, असं तो ठामपणे सांगतो.

गाडीपुरतं नागसेनाचं म्हणणं पटतं. चढ हेरून स्टिअरिंगखालच्या दांड्याने खालचा गिअर टाकणाऱ्या चालकाला मात्र मुकुंदराजांचा, पाहणारा कोण, हा प्रश्न टाळता येत नाही.